बिब्बा, चाई आणि अर्धे डोके

मलप्रभा नदी जेथे उगम पावते त्या कणकुंबीत एकदा पाऊस लागला की शाळेत येणारे प्रत्येक मूल खोळीखाली झाकलेले असते. काही वर्षांमागे माझ्या वर्गातील एका मुलीला हे दिवस फार आवडत. तिच्या डोक्यावर रुपयाएवढे चाईचे दोन चट्टे पडले होते. खोळ उतरविण्याची वेळ आली की ती दाराशीच घोटाळे. पुढे घरी कोणीतरी त्या चट्ट्यांवर बिब्ब्याचे तेल लावले. बिब्बा उतला, डोळे सुजून मिटले आणि आठवडाभर तिची जागा रिकामी राहिली.

मी रागावलो खरा. पण ग्रंथ चाळता असे दिसले की हा उपाय तिच्या आजीने मनाने काढलेला नव्हता. संस्कृत वैद्यकात चाईला इंद्रलुप्त म्हणतात. तिच्यासाठी सुश्रुतसंहितेत मनशीळ, हिराकस, मोरचूद आणि मिरे यांचा लेप सांगितला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात भल्लातकाचा, म्हणजे बिब्ब्याचाच, रस येतो. त्वचा चाळवली की केस उगवतात, हा अनुभव त्यामागे असावा.

बिब्बा मात्र इतर दाहक द्रव्यांहून निराळा. तो सर्वांनाच सारखा उतत नाही. एकदा शरीराने त्याची ओळख धरली की पुढे थेंबभर रसही पुरतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्याचे मूळ परटाने कपड्यावर बिब्ब्याने घातलेल्या खुणेत शोधून काढले. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की भेटणारा काजू हा बिब्ब्याचाच भाऊबंद. त्याच्या टरफलातील तेलाने हात सोलवटलेले आपण पाहतो.

शरीराच्या या ओळख धरण्याचा उपयोग आधुनिक वैद्यांनी जाणूनबुजून केला. चाईत रक्तातील संरक्षक पेशी आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जातात. मूळ मरत नाही, केवळ स्तब्ध होते. म्हणूनच आशा असते. 1976 मध्ये अमेरिकेत आणि 1977 मध्ये जर्मनीत रुडॉल्फ हॅपल यांनी डायनायट्रोक्लोरोबेन्झीन हे रसायन टाळूला लावून केस उगवल्याचे प्रसिद्ध केले. जंतूंवरील चाचणीत ते रसायन आनुवंशिक द्रव्यात बिघाड करते असे आढळल्याने मागे पडले, आणि 1983 मध्ये हॅपल व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायफेनसायप्रोन पुढे आणले.

प्रथम टाळूच्या लहानशा भागावर दोन टक्के द्रावण लावून शरीराला ओळख करून द्यावयाची. सुमारे दोन आठवड्यांनी लाख भागांत एक भाग इतक्या सौम्य द्रावणाने आरंभ करून, दर आठवड्यास हलकीशी लाली व खाज येईल इतपत जोर वाढवावयाचा. दोन दिवस ऊन टाळावयाचे, मग डोके धुवावयाचे. नव्या भांडणात गुंतलेल्या पेशी जुने वैर विसरतात, असे एक मत आहे. यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. सारे डोके मोकळे झालेल्यांना गुण कमी येतो, कित्येकांना पुन्हा चट्टे पडतात, आणि महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो. 2022 मध्ये अमेरिकेत तीव्र चाई असलेल्या प्रौढांसाठी बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, ती वाट निराळी.

मला विशेष वाटते ते हॅपल यांच्या एका साध्या युक्तीचे. ते आरंभी अर्ध्याच डोक्याला औषध लावीत आणि उरलेले अर्धे तसेच ठेवीत. चाई पुष्कळदा आपोआप बरी होते, आणि मग जो शेवटचा उपाय, त्याच्या पदरी यश पडते. औषधाच्याच बाजूस केस आले तरच श्रेय औषधाचे. ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते एवढ्याचसाठी. द्रव्य त्यांना सापडले होते. पण फळातून पिळलेल्या रसाला माप नसते, आणि न लावलेली बाजू कोणी राखून ठेविली नव्हती.

त्या मुलीला वर्ष संपता संपता केस आले. घरची मंडळी आजही बिब्ब्याचे नाव घेतात. खरे काय, असे तिने मला एकदा विचारले. दोन्ही चट्ट्यांना बिब्बा लावला होता. मी तिला काय सांगणार?