हरणाची गोळी आणि माणसाची गोळी

हरणाच्या शिकारीला कोणती रायफल घ्यावी आणि तिच्यात कोणते काडतूस भरावे, हा प्रश्न वरकरणी चार शौकिनांच्या गप्पांचा वाटतो. पण गेल्या सव्वाशे वर्षांत त्याला मिळालेली उत्तरे तपासू लागलो, की हाती येतो तो लष्कराचा, कायद्याचा आणि साम्राज्याचा इतिहास. त्यातला एक धागा कलकत्त्याजवळच्या डमडमला जातो, तर दुसरा पुण्याच्या खडकीला.

आधी थोडी तांत्रिक बाजू. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. काळ्या दारूच्या जमान्यात गोळी निव्वळ शिशाची, जाड आणि संथ असे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती लेबेल रायफल आली. नव्या दारूने गोळीचा वेग वाढला, नळीचा व्यास कमी झाला. मात्र त्या वेगात मऊ शिसे नळीतल्या आट्यांवर खरवडले जाई. म्हणून शिशावर कठीण धातूचे वेष्टण चढवावे लागले. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये स्वीकारलेली ली-मेटफर्ड रायफल याच पिढीतली. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने रुळलेले .३०३ इंची काडतूस तिच्याबरोबरच आले.

शिकाऱ्याची अडचण इथून सुरू होते. पूर्ण वेष्टणाची गोळी फुलत नाही. ती हरणाच्या छातीतून आरपार निघून जाऊ शकते. जखम अरुंद राहते, जनावर पळत सुटते आणि कुठल्या तरी जाळीत तासन् तास तडफडून मरते. अशा जनावराचा माग काढणे अवघड, कारण रक्तही फारसे सांडत नाही. यावर उपाय म्हणजे टोकाशी शिसे उघडे ठेवायचे. मग गोळी अंगात शिरताच चपटी होते आणि आपली बरीचशी ताकद तिथेच खर्च करते. अमेरिकेत १८९५ मध्ये विंचेस्टर कंपनीने बाजारात आणलेले ‘थर्टी-थर्टी’ काडतूस या मऊ टोकाच्या गोळीसह लोकप्रिय झाले. जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४ ची हलकी, खटक्याची विंचेस्टर रायफल आणि हे काडतूस ही जोडी दाट रानातल्या, जवळच्या पल्ल्याच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी पुढे कित्येक दशके प्रमाण मानली गेली.

त्याच १८९५ मध्ये चित्रळच्या मोहिमेतून ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार आली, की .३०३ ची गोळी लागूनही शत्रू थांबत नाही. डमडमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे वेष्टण काढून शिसे उघडे केले. शिकाऱ्यांच्या परिचयाची युक्ती सैनिकाच्या रायफलीत आली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही गोळी वापरली गेली आणि ‘डमडम’ हे गावाचे नाव जगभर गोळीचे नाव झाले. चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबूज १८५७ च्या जानेवारीत पहिल्यांदा उठली, तीही याच डमडमला.

युरोपात गदारोळ झाला. ट्यूबिंगेनचे शल्यविशारद पॉल फॉन ब्रुन्स यांनी अशा गोळ्यांच्या भयानक जखमांवर प्रयोग प्रसिद्ध केले. पण त्यांनी वापरलेल्या गोळ्या डमडमच्या नव्हत्या. त्या माउझर रायफलीच्या शिकारी गोळ्या होत्या आणि त्यांचे शिसे कितीतरी अधिक उघडे होते. ब्रिटिशांनी यावर बोट ठेवले, तरी १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आलीच. ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोधात मत दिले. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांच्या म्हणण्याचा आशय असा, की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे हटतो, ‘रानटी’ मात्र दोन-तीन गोळ्या आरपार जाऊनही चालून येतो. म्हणजे सरहद्दीवरचा पठाण सैनिकांच्या रांगेतून काढून शिकारीच्या जनावरांशेजारी उभा केला गेला. ब्रिटनने ही बंदी मान्य केली ती १९०७ मध्ये.

तेव्हापासून दोन वाटा फुटल्या. हरणाची बहुतेक नामांकित काडतुसे लष्कराच्याच घरातली आहेत. स्वीडन-नॉर्वेचे ६.५×५५ आणि अमेरिकेचे १९०६ चे .३०-०६ आधी सैन्यासाठी बनले. १९५२ चे .३०८ हे ‘नाटो’च्या ७.६२ चे सख्खे भावंड. बदलते ते फक्त गोळीचे टोक. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यानुसार बहुतेक हरणांसाठी रायफलीचा व्यास .२४० इंचापेक्षा आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा १७०० फूट-पौंडांपेक्षा कमी चालत नाही. गोळीही मऊ किंवा पोकळ टोकाचीच लागते. .२४३ हे काडतूस तिथे एवढे का खपते, याचे एक कारण या आकड्यातच आहे. जर्मनीत छोट्या रो हरणासाठी १०० मीटरवर १००० जूल पुरतात. मोठ्या खुरी जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २००० जूल लागतात. माणसावर जी गोळी झाडणे क्रौर्य ठरले, तीच हरणावर न झाडणे क्रौर्य ठरते. दोन्ही नियमांमागचा हेतू मात्र एकच आहे: यातना कमी व्हाव्यात. सैनिक जखमी होऊन वाचावा, अशी अपेक्षा असते. हरणाला तो पर्याय नसतो, म्हणून मरण झटपट यावे एवढेच पाहिले जाते.

हिंदुस्थानात शिकाऱ्याची निवड सरकारने आणखी वेगळ्या तऱ्हेने ठरवली. लष्करी साठ्यातली चोरटी काडतुसे खासगी रायफलींत चालू नयेत, म्हणून .३०३ सामान्य परवानाधारकाला निषिद्ध झाले. त्याच्या वाट्याला आले .३१५, म्हणजे मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे ८ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस. ते निवडले गेले, ते चितळ-सांबराची छाती मोजून नव्हे. ब्रिटिश फौजेच्या रायफलीत ते बसत नव्हते, हाच त्याचा मोठा गुण. स्वातंत्र्यानंतरही हा भेद टिकला. १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ अक्षरे बुडावर असलेली .३१५ ची काडतुसे अनेक परवानाधारकांनी हाताळलेली असतील.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी शौकाची शिकारही संपवली. आता चितळासाठी कोणते काडतूस, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने उरलेला नाही. .३१५ मात्र आहे. साहेबाच्या भीतीतून ठरलेला तो व्यास आजही परवान्याच्या कागदावर लिहिला जातो.