संचयन चकतीचे वर्णपटीय वेध : महाराष्ट्रातील अभ्यासाचा इतिहास

कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू कोनीय संवेगामुळे सरळ आत न पडता त्याभोवती फिरत राहतो व त्याची तप्त, चपटी चकती बनते, तिला संचयन चकती म्हणतात. तिची प्रमाणभूत प्रतिकृती एन. आय. शाकुरा व आर. ए. सुन्याएव्ह यांनी १९७३ मध्ये मांडली. तारकीय द्रव्यमानाच्या कृष्णविवराभोवतीच्या चकतीचा आतील भाग मुख्यत्वे क्ष-किरण उत्सर्जित करतो. बाहेरील, त्या मानाने थंड भागाचे प्रारण दृश्य व अवरक्त असते. दूरदर्शकातून ती बिंदुवतच दिसते. त्यामुळे तिची रचना वर्णपटावरूनच ताडावी लागते. चकतीची एक बाजू निरीक्षकाकडे येत असते व दुसरी दूर जात असते. परिणामी डॉप्लर परिणामाने हायड्रोजनाची उत्सर्जन रेषा रुंदावून तीवर दोन शिखरे दिसतात. अर्थात येथे सारा भर रेषेच्या आकारावर आहे.

रेषेच्या आकाराचा असाच प्रश्न, कृष्णविवराची कल्पनाही रूढ नसताना, पुण्यात हाताळला गेला होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात उभारलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगामवाला यांच्याकडे सु. ५१ सेंमी. व्यासाचा ग्रब परावर्तक दूरदर्शक होता. मृग नक्षत्रातील अभ्रिकेची प्रमुख रेषा मॅग्नेशियमाच्या पट्टाचा अवशेष आहे, हे नॉर्मन लॉक्यर यांचे मत खरे असते, तर ती एका बाजूस पसरट दिसावयास हवी होती. नायगामवालांना ती १८९१ मध्ये रेखीव आढळली. हे काम त्या काळच्या कोणत्याही वेधशाळेस शोभणारे होते. तथापि ते निवृत्त होताच १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडईकनालला गेली. त्यानंतर राज्यात मोठा दृश्य दूरदर्शक येण्यास नऊ दशकांहून अधिक काळ लागला.

या खंडात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने रेडिओ व क्ष-किरण ज्योतिषशास्त्रात मोठे कार्य केले. आयआरएस-पी ३ या १९९६ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरील तिच्या उपकरणांनी जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या चकतीतील नियमित क्ष-किरण स्फोट नोंदविले. मात्र आकाशगंगेच्या प्रतलातील धुळीमुळे दृश्य प्रकाशात हा उद्गम जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या सहचर ताऱ्याचा सु. ३३·५ दिवसांचा भ्रमणकाल चिलीतील दूरदर्शकाने घेतलेल्या अवरक्त वर्णपटांवरून २००१ मध्ये निश्चित झाला व त्यावरून कृष्णविवराचे द्रव्यमान काढता आले.

पुण्यातील आयुका (स्थापना १९८८) या संस्थेचा २ मी. व्यासाचा दूरदर्शक गिरवली येथे २००६ पासून कार्यान्वित झाला. त्याच्या साहाय्याने एम्. विवेक, आर. श्रीआनंद व सहकाऱ्यांनी २२ क्वासारांच्या रुंद शोषण रेषांमधील बदल अनेक वर्षे तपासले. या रेषा क्वासाराच्या केंद्रभागातून, बहुधा चकतीवरूनच, वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूच्या आहेत. पावसाळ्यात येथील वेध बंद ठेवावे लागतात आणि अवरक्त प्रारण तर हवेतील बाष्पच शोषून घेते. यामुळे टाटा संस्थेने बनविलेला टिर्स्पेक हा १ ते २·५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा वर्णपटलेखक २०१३ मध्ये सु. ४,५०० मी. उंचीवरील लडाखमधील हानले येथे बसविण्यात आला.