डायपर की लंगोट? एलसीएच्या इतिहासातलं एक भांडण

एखादी वस्तू ‘पर्यावरणपूरक’ आहे असं कुणी म्हटलं, की आमच्या विषयातली माणसं लगेच विचारतात: मोजलं कुणी, आणि कुठून कुठपर्यंत? ही सवय का लागली, ते कळायला जीवनचक्र मूल्यमापनाचा, म्हणजे एलसीएचा, इतिहास थोडा बघावा लागेल.

सुरुवात १९६९ची. कोका-कोलाने अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटला शीतपेयाच्या वेगवेगळ्या बाटल्या-डब्यांची तुलना करायला सांगितलं. फक्त शेवटी उरणारा कचरा नाही, तर कच्चा माल आणि ऊर्जेपासूनचा सगळा हिशोब. कल्पना भारीच होती. पण पूर्ण अहवाल कधी बाहेर आला नाही. म्हणजे बाहेरच्या कुणाला तो तपासताही आला नाही.

हे किती महागात पडू शकतं ते १९९०च्या सुमारास दिसलं. डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने एक अभ्यास करून घेतला. निष्कर्ष: कापडी लंगोट धुण्यात पाणी आणि ऊर्जा जास्त जाते. पुढच्याच वर्षी कापडी लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्यांच्या संघटनेनेही अभ्यास करून घेतला. निकाल नेमका उलटा!

मग खोटं कोण बोलत होतं? गंमत अशी, की इथे निकाल फिरवायला खोटे आकडे लागतच नाहीत. लंगोट किती वेळा वापरला? एका वेळी एक की दोन? पाणी किती गरम? ही गृहीतकं बदलली की जिंकणाराही बदलतो. ‘शास्त्रीय’ आकडे जाहिरातीतलं हत्यार झाले, आणि पालकांना कशावर विश्वास ठेवायचा तेच कळेना.

अशा वादांच्या काळातच नियम लिहिले गेले. १९९३मध्ये सेटॅक या वैज्ञानिक संघटनेची आचारसंहिता आली, १९९७मध्ये आयएसओ १४०४०. हेतू, सीमारेषा आणि तुलनेचं एकक उघड सांगा. ‘आमची वस्तू त्यांच्यापेक्षा चांगली’ असं जाहीरपणे म्हणायचं असेल, तर त्रयस्थ तज्ज्ञांकडून परीक्षण करून घ्या.

आणि लंगोटाचं काय झालं? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८च्या अहवालात एकक होतं: एका बाळाची पहिली अडीच वर्षं. डायपरसाठी सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य, लंगोटांसाठी ५७०. जवळपास बरोबरीच. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, लंगोट बाहेर दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर लंगोटांचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. सगळे ड्रायरमध्ये वाळवले तर चांगलाच चढतो.

म्हणजे ‘डायपर की लंगोट’ हा प्रश्नच अर्धवट होता. उरलेला अर्धा भाग धुण्या-वाळवण्यात होता. त्यामुळे पुढच्या वेळी पाकिटावर हिरवं पान दिसलं, तर त्यामागचा हिशोब कुणी केला, कुठे थांबवला आणि वापरणारा कसा वागेल असं धरलं, एवढं जरूर विचारा.