उपपद : एका व्याकरणसंज्ञेचा मुंबईतील प्रवास

मुंबई बेटाच्या दक्षिण भागात कफ परेडच्या किनाऱ्याला लागून मच्छीमार नगर ही कोळ्यांची वस्ती आहे. ज्या रस्त्यावरून या भागाला नाव मिळाले, तो विसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रात भर घालून तयार झालेल्या जमिनीवर बांधला गेला आणि बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टचे टी. डब्ल्यू. कफ यांचे नाव त्याला देण्यात आले. पुढे बॅकबेच्या भरावाने समुद्र आणखी मागे हटला, उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी वस्तीतील बोलणे होडी, जाळे आणि मासळी यांच्याभोवतीच फिरत राहिले. या बोलण्यातील दोन साधी वाक्ये प्रस्तुत विवेचनाच्या आरंभी ठेवणे सोयीचे होईल. पहिले वाक्य, ‘होडीत मासळी आहे.’ दुसरे, ‘मासळी होडीत आहे.’

दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत, प्रत्यय तेच आहेत; बदलला आहे तो केवळ क्रम. पण होडीत काय आहे असे विचारणाऱ्याला दुसरे वाक्य कोणी सांगणार नाही, आणि सकाळची मासळी कोठे ठेवली असे विचारणाऱ्याला पहिले सांगणार नाही. पहिल्या वाक्यात मासळीची वार्ता प्रथमच दिली जाते. दुसऱ्यात मासळी बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असून तिचे ठिकाण तेवढे कळवले जाते. इंग्रजीत हाच भेद करावयाचा तर पहिल्या वाक्यातील ‘फिश’ शब्दामागे काही लागत नाही आणि दुसऱ्यातील ‘फिश’ला ‘द’ जोडावे लागते. वस्तीतील पाच वर्षांच्या मुलाला हा भेद विनासायास साधतो. तेच मूल पुढे शाळेत गेले की ‘तुमच्या भाषेत उपपदे नाहीत, म्हणून ती तुम्हाला जमत नाहीत’ असे त्याला ऐकवले जाते. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध त्यातून कसा निघाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

मराठी व्याकरणलेखनाच्या इतिहासात १८३६ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण मुंबईत प्रसिद्ध झाले, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे ‘बालव्याकरण’ही त्याच वर्षीचे. ही माणसे इंग्रजी शिकलेली होती आणि इंग्रजी शिकवीत होती. जांभेकरांनी तर १८३२ मध्येच ‘दर्पण’ सुरू करून एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी असे शेजारी शेजारी स्तंभ छापले होते. एका स्तंभात जागोजागी ‘द’ आणि दुसऱ्यात त्याच्या जागी काहीच नाही, हे दृश्य त्यांच्याइतके नित्य दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्या काळी इंग्रजी व्याकरणाचा सर्वत्र चालणारा ग्रंथ म्हणजे लिंडले मरे यांचा. तो १७९५ मध्ये निघाला. त्यात शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या असून त्यांत पहिला मान ‘आर्टिकल’ला दिलेला आहे; त्यानंतर नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद इत्यादी. मराठी शाळांत पुढे रूढ झालेल्या शब्दांच्या जाती आठ आहेत. मरे यांच्या यादीतून पहिली जात गाळली आणि उरलेल्या थोड्या पुढेमागे केल्या, की नेमक्या या आठच हाती राहतात. दादोबांच्या व्याकरणपद्धतीवर इंग्रजी व्याकरणांचा ठसा आहे हे अभ्यासकांना मान्यच आहे. पण त्या ठशातील ही रिकामी राहिलेली जागाही तितकीच बोलकी आहे. मराठी व्याकरणाचा घाट ठरतानाच ‘येथे एक गोष्ट नाही’ ही नोंद जणू त्याच्या पायात बसली. आठ जाती शिकून तयार झालेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या तासाला नववी जात नव्याने भेटे, आणि ती परकी म्हणूनच भेटे.

या नवव्या जातीला मराठीत ‘उपपद’ हे नाव मिळाले. हे नाव जुने आहे, आणि येथे ते नव्या घरी नांदावयास आले आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात उपपदाची संज्ञा येते. धातूला कृत्प्रत्यय लागताना त्याच्या निकट असणे आवश्यक ठरलेले पद, असा तिचा स्थूल अर्थ. ‘कुंभकार’ यात ‘कुंभ’ हे उपपद. त्याच्यावाचून नुसता ‘कार’ भाषेत उभा राहत नाही. मराठी व्याकरणांतही उपपद तत्पुरुष समासाची ‘ग्रंथकार’, ‘शेतकरी’, ‘लाकूडतोड्या’ अशी उदाहरणे दिली जातात. त्याच न्यायाने ‘मच्छीमार’ हाही उपपद तत्पुरुषच होय : मच्छी मारणारा तो मच्छीमार, आणि त्यातील ‘मच्छी’ हे उपपद. म्हणजे मच्छीमार नगरातील विद्यार्थी मराठीच्या तासाला ज्याला उपपद म्हणतो ते त्याच्या वस्तीच्या नावातच आहे, आणि घंटा वाजल्यावर इंग्रजीच्या तासाला ज्याला उपपद म्हणतो ते त्याच्या भाषेतच नाही. एका संज्ञेवर दोन अर्थांचे ओझे घातले गेले, आणि ते उतरवण्याची तसदी शालेय पुस्तकांनी घेतलेली दिसत नाही.

युरोपातील मूळ संज्ञेचा अर्थ निराळा होता. ग्रीक वैयाकरणांनी या शब्दांना ‘सांधा’ अशा अर्थाचे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘लहान सांधा’ असे झाले आणि त्यावरून ‘आर्टिकल’ आले. गंमत अशी की ज्या लॅटिनने हे नाव युरोपला पुरवले, तिच्यात अशी उपपदे नव्हतीच. पहिल्या शतकातील वक्तृत्वाचा आचार्य क्विंटिलियन याने आपल्या भाषेला त्यांची गरज नाही असे नोंदवूनही ठेवले आहे. त्यामुळे लॅटिन दरिद्री ठरली नाही. इंग्रजीची स्वतःची कथाही ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत ‘द’ हे दर्शक सर्वनाम होते, आपल्या ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांच्या कुळातले. लिंगवचनांप्रमाणे त्याची रूपे चालत. ‘अॅन’ म्हणजे तर निव्वळ ‘एक’ ही संख्या. दोन्ही शब्द घासत घासत लहान झाले आणि अर्थाने हलके होऊन प्रत्येक नामाच्या दाराशी बसले. मराठी कहाणीत आटपाट नगराला काही लागत नाही, पण त्यातील ब्राह्मणाला ‘एक’ लागतो; आणि पुढच्या वाक्यात तो ‘ब्राह्मण’ किंवा ‘तो ब्राह्मण’ होतो. इंग्रजीने ज्या मार्गाचा शेवट गाठला, त्या मार्गावर मराठीचीही पावले आहेत. फरक इतकाच की मराठीने ‘एक’ची सक्ती केली नाही.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर मॅट्रिकची परीक्षा हे शहरातील व इलाख्यातील हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरवणारे दार बनले. त्या दारातून जाण्यासाठी भाषांतर हेच मुख्य साधन होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने (तिचे कर्ते दादोबांहून निराळे, आडनावामुळे गल्लत होते) कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले. मराठी वाक्य द्यावे आणि त्याचे इंग्रजी करावयास सांगावे, ही पद्धत शब्दसंग्रहाला, काळांना आणि प्रयोगांना उत्तम मानवली. उपपदांना ती फारशी मानवली नाही, आणि याचे कारण उघड आहे. सुटे मराठी वाक्य घेतले की त्यातील विवक्षा हरवते. ‘कोळीण बाजारात गेली’ या एकट्या वाक्यावरून कोळीण ओळखीची की अनोळखी हे कोणी ठरवावे? विद्यार्थी मराठी वाक्यात उपपदाचा शब्द शोधी, तो सापडत नसे, आणि मग तो नियमांच्या यादीकडे वळे : नद्यांना लावावे, गावांना लावू नये, सूर्यचंद्रांना लावावे. याद्या पाठ होत आणि निबंधात चुका राहत.

नियमांपैकी एकच असा होता की ज्यात मराठी विद्यार्थ्याला जन्मजात सोय होती, आणि नेमकी तीच त्याला सांगितली जात नसे. ‘अ’ लावावे की ‘अॅन’, हे पुढील शब्दाच्या अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर ठरते. रोमन लिपीत हे फसवे असते. देवनागरीत लिहून पाहावे, की शंका उरत नाही. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’, ‘एम. ए.’ हे शब्द स्वराने सुरू होतात म्हणून ‘अॅन’. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’ हे यकाराने सुरू होतात म्हणून ‘अ’. बाराखडी येणाऱ्याला याहून अधिक काही शिकण्याची गरज नाही.

शाळेबाहेर शहराने उपपदाचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. इंग्रज ज्याला ‘द फोर्ट’ म्हणत त्याचे ‘फोर्ट’ झाले, ‘द ओव्हल’चे ‘ओव्हल’, आणि १८३८ मध्ये कुलाब्याला मुंबईशी जोडणाऱ्या ‘द कॉजवे’चे नुसते ‘कॉजवे’. ‘द डेक्कन’ची तीच गत. मुंबईकर इंग्रजी बोलतानाही ‘इन फोर्ट’ म्हणतो. परीक्षक याला चूक म्हणेल, पण ज्याच्या मनात ‘फोर्ट’ हा किल्ला राहिलेला नसून कुर्ला किंवा दादर यांसारखे विशेषनाम झाले आहे, त्याचे म्हणणे इंग्रजीच्या नियमाला धरूनच आहे. किल्ल्याचे तट १८६० नंतरच्या दशकात पाडले गेले. नाम सामान्याचे विशेष झाले, मग उपपद कशाला?

याच्या उलट प्रकारही घडला. टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८१ मध्ये दोन पत्रे काढली. मराठी पत्र नुसते ‘केसरी’, तर इंग्रजी पत्राच्या शिरोभागी मात्र ‘द मराठा’. पुढे सहकारी पेढ्या, मंडळ्या आणि संस्था यांची इंग्रजीत नोंदलेली नावे मराठी पाट्यांवर उतरू लागली तेव्हा उपपदही बरोबर उतरले, आणि ‘दि’ किंवा ‘धी’ म्हणून ठळक अक्षरांत विराजमान झाले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या व मराठी रंगभूमीवर नाव कमावलेल्या ‘धी गोवा हिंदू असोसिएशन’ या संस्थेचे नाव याचे सर्वपरिचित उदाहरण होय. इंग्रजी उच्चाराच्या नियमाने व्यंजनापूर्वी तेथे ‘द’ यावयास हवे होते. पण पाटीवरील ‘धी’ हे उपपद राहिलेलेच नाही; ते ‘श्री’चे काम करते. मराठीला अशी परकी उपपदे पचवण्याची सवयही जुनी आहे. ‘बिलकुल’ आणि ‘अलबत’ या शब्दांच्या पोटात अरबीचे ‘अल्’ हे उपपद केव्हाचे निमूटपणे बसून आहे.

मराठीत निश्चिताचा बोध कोणत्या साधनांनी होतो, याची चर्चा शालेय व्याकरणांत निराळ्याच प्रकरणांत विखुरलेली सापडते. क्रमाचे उदाहरण वर आलेच आहे. दुसरे साधन कर्माला लागणारा ‘ला’. ‘तो बायको शोधतो आहे’ आणि ‘तो बायकोला शोधतो आहे’ या दोन वाक्यांतील माणसांच्या अडचणी सर्वस्वी भिन्न आहेत. पहिला अविवाहित आहे, दुसरा जत्रेत चुकामूक झालेला नवरा आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘अ’ येईल आणि दुसऱ्या ठिकाणी निश्चिताचा शब्द. ‘मासा धरला’ आणि ‘माशाला धरले’ यांतही हीच छटा आहे. तिसरे साधन शब्दनिवडीचे. इंग्रजीत एकाच ‘फिश’ शब्दाला उपपद लावून किंवा न लावून एक नग आणि गणनेपलीकडचा साठा यांत भेद करतात. कोळीवाड्यात त्यासाठी ‘मासा’ आणि ‘मासळी’ असे दोन शब्दच आहेत. मराठीच्या पुस्तकात ‘ला’ प्रयोगविचारात राहिला, क्रम वाक्यरचनेत राहिला, आणि इंग्रजीच्या पुस्तकात उपपदांचे प्रकरण स्वतंत्र राहिले. ही प्रकरणे एकमेकांना भेटली असती, तर उपपद ही मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीची नवी खूण म्हणून शिकवता आली असती. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. या विषयाचा आरंभ त्यामुळे अलीकडे आला, रीत तीच राहिली.

हा केवळ गुणांचा प्रश्न असता तर त्याची चर्चा शिक्षकांवर सोपवता आली असती. १८६२ मध्ये मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि तेव्हापासून मराठीत दिलेल्या जबान्या व लिहिलेले दस्तऐवज इंग्रजीत नेण्याचे काम अखंड चालत आले आहे. साक्षीदार म्हणतो, ‘होडी किनाऱ्याला लागली.’ भाषांतरकाराला येथे थांबता येत नाही. त्याने ‘अ बोट’ लिहिले तर साक्षीदाराने कोणतीतरी होडी पाहिली असे होते, आणि ‘द बोट’ लिहिले तर ती होडी त्याला आधीपासून ठाऊक होती, किंवा प्रश्न विचारणाऱ्याने तिचा उल्लेख केला होता, असे सूचित होते. मूळ वाक्यात हा निवाडा पूर्वीच्या संभाषणाने, क्रमाने आणि आवाजाच्या भराने केलेला असतो. कागदावर तो भाषांतरकाराचा होतो. उपपदाचे वजन किती, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि ग्वीदो झॅनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रयोगाने दाखवले. मोटार अपघाताचे चित्रण पाहिलेल्या लोकांपैकी काहींना ‘फुटलेला दिवा पाहिलात का’ हा प्रश्न ‘अ’ घालून विचारला, काहींना ‘द’ घालून. चित्रणात नसलेला दिवाही ‘द’ ऐकणाऱ्यांपैकी अधिक जणांना दिसला होता, आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे त्यांच्यात कमी होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर रबरी होडीतून मच्छीमार नगराच्या याच किनाऱ्यावर उतरले, आणि वस्तीतील लोकांनी त्यांना पाहिले व हटकले. खटला विशेष न्यायालयात चालला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ मध्ये आला. ज्या किनाऱ्यावर रोज होड्या लागतात तेथील कोळ्याला आपल्या वस्तीच्या होड्या ओळखू येतात. त्याच्या बोलण्यात ‘होडी’ आणि ‘एक होडी’ यांत जे अंतर असते, ते ओळखीच्या आणि परक्या होडीतले अंतर असते. त्या रात्री आलेली होडी त्याच्या भाषेत ‘एक होडी’ होती.