आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद कोणी न्यायचा? अलेक्झांड्रिया, गोवा, वसई, पुणे : एक धागा

बिबवेवाडी हे एकेकाळी पुण्याबाहेरचे खेडे. आज तिथे कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, जवळच मार्केट यार्डाची वर्दळ आहे आणि चहूबाजूंना गृहसंस्था आहेत. अशा उपनगरातील एखाद्या कॅथलिक घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर रविवारच्या मिस्सेनंतर साध्या पोशाखातील एक व्यक्ती दार वाजवते. ती निवृत्त कारकून असेल, शाळेतील शिक्षिका असेल. तिच्यापाशी धातूची एक लहानशी डबी असते. तिला 'पिक्स' म्हणतात. डबीत ख्रिस्तप्रसाद असतो. बायबलमधील एक उतारा, प्रार्थना, प्रसाद, चार शब्दांची विचारपूस, आणि ती व्यक्ती पुढच्या घराकडे निघते.

ही व्यक्ती धर्मगुरू नाही, व्रतस्थ भगिनीही नाही. मराठी कॅथलिक अशांना 'प्रापंचिक' म्हणतात. प्रापंचिकाने त्या प्रसादाला हात लावणे कित्येक शतके निषिद्ध होते. त्या निषेधाचा आणि तो उठण्याचा हा इतिहास.

आरंभी चित्र वेगळे होते. रोममध्ये इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन या लेखकाने नोंदवले आहे की, उपासनेला जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे सेवक प्रसाद पोहोचवतात. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाची एक हकीकत त्याहून बोलकी आहे. सेरापियोन नावाचा वृद्ध मरणशय्येवर होता. रात्रीची वेळ होती, त्यात धर्मगुरू स्वतःच आजारी. बोलावणे घेऊन आलेल्या नातवाच्या हातीच त्यांनी प्रसादाचा तुकडा दिला आणि तो भिजवून म्हाताऱ्याच्या तोंडात घालायला सांगितले. मुलाने तसे केले, वृद्धाने प्राण सोडला. इतिहासकार युसेबियसने ही गोष्ट जपून ठेवली आहे. त्या मुलाच्या अधिकाराविषयी कुणी प्रश्न विचारल्याचे तीत दिसत नाही.

पुढे मध्ययुगात प्रसादाविषयीचा आदर वाढत गेला, आणि आदराबरोबर अंतरही. अभिषिक्त हातांखेरीज इतरांनी त्याला स्पर्श करू नये, असा दंडक रूढ झाला. आजाऱ्याच्या घरी धर्मगुरूच जाणार आणि प्रापंचिकांनी फार तर त्याच्या मागून चालायचे.

हे मागून चालणे गोव्यात मोठ्या थाटाचे झाले. मरणोन्मुख माणसाला देण्याच्या अखेरच्या प्रसादाला 'व्हियातिकुम' म्हणतात. शब्दशः वाटेची शिदोरी. धर्मगुरू तो घेऊन निघाला की पुढे घंटा वाजे, आणि 'कोंफ्रारिया' म्हणजे प्रापंचिकांच्या बंधुसंघाचे सभासद मेणबत्त्या घेऊन सोबत चालत. सभासदांचा झगा आणि खांद्यावरची आखूड शाल यांना कोकणीत 'ओपमूस' म्हणतात. कोणत्या संघात कोणाला प्रवेश, कोणता ओपमूस कोणी घालावा, हे बऱ्याच गावांत जातीने ठरत असे आणि त्यावरून भांडणे होत. आजाऱ्याच्या सोबतीची ही वाट समतेची होती, असे समजण्याचे कारण नाही.

याच काळातील दुसरी संस्था अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लेओनोरच्या आश्रयाने 'मिझेरिकॉर्दिया' हा बंधुसंघ स्थापन झाला. करुणेची चौदा कृत्ये हे त्याचे व्रत : भुकेल्यास अन्न, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची विचारपूस, मृतास मूठमाती इत्यादी. कारभार सारा प्रापंचिकांच्या हाती. १५२० च्या सुमारास गोव्यात त्याची शाखा दिसते. पुढे चौल, वसई, दमण इथेही निघाल्या. सभासदांनी गरिबांच्या घरी जाऊन मदत पोहोचवायची, रुग्णालये चालवायची, आणि आशियात कुठेही मेलेल्या पोर्तुगिजाचे मृत्युपत्र व पैसे मायदेशी वारसांपर्यंत धाडायचे, असा तिचा व्याप होता.

मात्र सभासदत्वासाठी 'रक्तशुद्धी' लागे. यहुदी वा मुस्लिम वंशाच्या नवख्रिस्त्यांना दार बंद, आणि स्थानिक ख्रिस्ती बराच काळ केवळ मदत घेणाऱ्यांच्या रांगेत. गोव्याच्या राजरुग्णालयाचे वर्णन १६०८ मध्ये तिथे उपचार घेतलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच खलाशाने केले आहे. चांदीच्या भांड्यांतून मिळणारे जेवण पाहून तो चकित झाला होता; पण ते वैभव मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. करुणा खरी होती आणि तिची वाटणीही तितकीच खरी होती.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या मिझेरिकॉर्दियाचा पट संपला. युरोपीय पाद्री निघून गेले, स्थानिक ख्रिस्ती राहिले. त्यानंतर ५३ वर्षांनी, १७९२ मध्ये, त्याच पेशवाईने पुण्यात चर्चसाठी जागा दिली. पेशव्यांच्या फौजेतील दों मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी ख्रिस्ती सैनिकांसाठी ही जमीन दिली. तेच नाना पेठेतील सिटी चर्च. बिबवेवाडी तिथून फार दूर नाही.

१८८६ मध्ये पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पण प्रसादाचा नियम जुनाच राहिला. त्यात आणखी एक अडचण होती, उपवासाची. प्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. औषधावर जगणाऱ्या माणसासाठी ही अट काय असेल, याची कल्पना करावी. मरणासन्नांना सूट होती. नुसत्या आजाऱ्यांना ती फार मर्यादित. १९५३ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवले, १९५७ मध्ये तो तीन तासांवर आला, आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी एका तासावर. त्यानंतर आठवड्याभरातच मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि सहावे पॉल स्वतः मुंबईत आले.

निर्णायक दस्तऐवज मात्र २९ जानेवारी १९७३ चा : 'इमेन्से कारितातिस'. धर्मगुरू अपुरे असतील, तर बिशपांच्या परवानगीने योग्य प्रापंचिकाने, पुरुषाने वा स्त्रीने, ख्रिस्तप्रसाद वाटावा आणि आजाऱ्यांच्या घरी न्यावा. याच दस्तऐवजाने आजारी व वृद्धांचा उपवास सुमारे पाव तासावर आणला, आणि त्यांच्यासोबत प्रसाद घेऊ इच्छिणाऱ्या, शुश्रूषा करणाऱ्या घरच्यांचाही. उशाशी जागणारी सून वा बहीण रोमच्या कायद्याला दिसली, हे या धाग्यातील सर्वांत मोठे वळण म्हणावे लागेल.

स्त्रियांच्या बाबतीत क्रम मोठा विचित्र झाला. १९७३ पासून स्त्री प्रसाद घेऊन आजाऱ्याच्या घरी जाऊ शकत होती, पण मुलीने वेदीवर धर्मगुरूला साहाय्य करायला रोमची अनुमती १९९४ मध्ये मिळाली, आणि वाचक व वेदीसेवक ही रीतसर पदे स्त्रियांना २०२१ मध्ये खुली झाली. म्हणजे चर्चमधल्या वेदीपेक्षा रुग्णाची खोली तिच्यासाठी आधी उघडली.

मर्यादा आजही आहेत. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग आणि पापक्षमा हे संस्कार धर्मगुरूच देऊ शकतो. डबी घेऊन आलेल्या बाईंपाशी म्हातारा मन मोकळे करील, त्या ऐकून घेतील, पण क्षमेचे शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांना नाही. त्या धर्मगुरूंना फोन लावतात आणि ते येईपर्यंत खुर्ची ओढून शेजारी बसून राहतात.