नव्या नायकाचे मोल : गंजिफाच्या पानांपासून दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत

१/ गेल्या दिवाळीत लोणी काळभोरला आमच्या अंगणात नेहमीप्रमाणे किल्ला उभा राहिला. विटा, गोणपाट, त्यावर लाल माती आणि उतारावर पेरलेले अळीव. थेऊर फाट्यावरून आणलेले मातीचे मावळे जागोजाग बसवून झाले. तेवढ्यात धाकट्या चुलतभावाने खिशातून एक निराळेच पात्र काढले: बोटभर उंचीचा, त्याने स्वतः रंगवलेला एक परदेशी महानायक. सोबत पुठ्ठ्याचे कार्ड, आणि त्यावर वेग, बळ व सहनशक्ती यांचे आकडे.

२/ हा नायक एका पटावरच्या खेळातला. त्यात प्रत्येक पात्राची गुणांमध्ये किंमत ठरलेली असते आणि ठरावीक मर्यादेत आपला संघ जमवायचा असतो. त्यामुळे नवे पात्र बाजारात आले की भाऊ आणि त्याचा मित्र त्याची तासन्‌तास परीक्षा करतात. किंमत जास्त आणि बळ कमी तर नाही ना? जुन्या कोणाला वगळून याला घ्यावे? त्या दिवशी प्रश्न एवढाच होता : “दादा, याला महादरवाजात उभा करू?”

३/ प्रश्न पोरवयाचा खरा. पण खेळात नवा नायक घ्यायचा तर त्याचे मोल कशावर ठरवायचे, हा विचार आपल्याकडे किमान साडेचारशे वर्षे चालू आहे. त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे गंजिफा, म्हणजेच हाताने रंगवलेली, बहुधा गोल आकाराची खेळायची पाने. आजचा धागा त्यांच्याविषयी.

४/ हिंदुस्थानातील गंजिफाचा सर्वांत जुना परिचित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफाचा संच पाठवला, कारण शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने तो मागितला होता. नोंद एका ओळीची आहे. पण एका दरबारातून दुसऱ्या दरबारात खेळ कसा प्रवास करतो, हे तीत दिसते.

५/ त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाचे तपशीलवार वर्णन केले. जुन्या खेळात बारा गट, प्रत्येक गटात बारा पाने, एकूण १४४. प्रत्येक गटाचा एक राजा आणि एक वजीर, शिवाय एक ते दहा अंकांची पाने. राजांची नावे पाहा : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नौपती... शेवटी वनपती आणि अहिपती.

६/ ही नुसती चित्रे नव्हती, तो त्या काळच्या सत्तांचा नकाशा होता. घोड्यावरचा अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा, हत्तीवरचा गजपती ओडिशाच्या राजासारखा, तर पायदळाच्या जोरावर राज्य करणारा नरपती विजापूरच्या सुलतानासारखा, असे अबुल फजल सांगतो. म्हणजे आपल्या दख्खनची ओळख या पटावर पायदळाने झाली होती. मावळ्यांच्या भूमीतील वाचकाला यात गंमत वाटावी.

७/ त्याच यादीत असुरपती आहे, आणि त्याच्या जागी चित्र आहे दाऊदपुत्र सुलेमानाचे. जिन्न आणि राक्षस ज्याच्या आज्ञेत, तो सुलेमान! गटाचे नाव संस्कृत वळणाचे आणि नायक पश्चिम आशियातील कथांचा. ज्याला आपण आज ‘परदेशी पात्र’ म्हणू, ते सोळाव्या शतकात गजपतीच्या शेजारी बसले होते.

८/ मग अकबराने यादी बदलली. त्याने धनपतीला मान दिला आणि राज्यकारभारातील खाती पटावर आणली : सनदा, कापडचोपड, रुपेरी नाणी, तलवारी, मुकुट, गुलाम. पुढे रूढ झालेल्या ९६ पानांच्या आठरंगी मोगली गंजिफात हीच नावे दिसतात. राजाला आपल्या राज्यात जे महत्त्वाचे वाटले, ते त्याच्या पत्त्यांत आले.

९/ आता आपल्या मुलखात येऊ. महाराष्ट्रात गंजिफा म्हटले की सावंतवाडी आठवते. तेथील दशावतारी गंजिफात दहा गट आणि १२० पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचा एक गट. त्यात राजा, प्रधान आणि दहा अंकांची पाने. तिघांनी खेळायचा डाव, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. विसाव्या शतकात ही कला मावळू लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभे केले.

१०/ या खेळाची पहिली कसोटी आहे खूण. अंकांची पाने भराभर टाकायची असतात. तिथे प्रत्येक वेळी अवताराचे पूर्ण चित्र काढणे शक्य नाही. म्हणून मत्स्याच्या गटात मासे, कूर्माच्या गटात कासवे, परशुरामाच्या गटात परशू. जो नायक एका चिन्हात मावतो आणि हातातील चाळीस पानांत क्षणात ओळखू येतो, तोच पानावर टिकतो.

११/ दुसरी कसोटी तोलाची, आणि इथे जुन्या खेळकर्त्यांची हुशारी थक्क करते. निम्म्या गटांत राजा-प्रधानांनंतर दहा हा अंक सर्वांत मोठा. उरलेल्या निम्म्या गटांत हाच क्रम उलटा, तिथे एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. त्यामुळे नुसती लहान अंकांची पाने हाती आली म्हणून कोणी आधीच हरत नाही.

१२/ त्याहून महत्त्वाचे म्हणजे गंजिफात हुकूम नसतो. रामाचा राजा माशाच्या राजाला मारू शकत नाही, आणि माशाचा राजा रामाच्या राजाला. दहाही नायक आपापल्या गटात सार्वभौम. भेद एवढाच की दिवसा डावाची सुरुवात ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने करायची, आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा असेल त्याने. कोण थोर हा वाद सूर्यास्तावर सोपवून खेळ पुढे जातो.

१३/ तिसरी कसोटी सर्वांत कठीण : जागा. दहा जागा असताना अकरावा आला तर उठायचे कोणी? ओडिशात नवव्या जागी जगन्नाथ आला. तिथल्या काही संचांत गणेश आणि कार्तिकेय यांच्यासाठी दोन गट वाढवून पानांची संख्या १४४ केली गेली. आपल्याकडे महाराष्ट्रात आणि गोव्यात काही मंदिरांतील शिल्पांत आणि पंचांगांत नववा अवतार म्हणून कटेवर हात ठेवलेला विठ्ठल दिसतो. ज्या प्रदेशाचे ज्या देवावर प्रेम, त्याला त्या प्रदेशाने यादीत जागा करून दिली.

१४/ इथवरचा भाग मी एकदा वर्गात मांडला होता. दशावतारी संचाची चित्रे दाखवली, अंकांचे क्रम समजावले. बुद्धाच्या गटाचे पान पडद्यावर असताना मागच्या बाकावरील एका मैत्रिणीने विचारले : “या पानाची ताकद किती, ते तू सांगितलेस. हे पान या संचात कोणी ठेवले आणि कोणाला विचारून, ते का नाही सांगितलेस?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

१५/ तिचा रोख कळायला हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी नेमकी हीच आहे : बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे मी मानणार नाही, तो प्रचार खोटा आहे. ज्याला मी यादीचा उदार विस्तार समजत होतो, तो लाखो लोकांच्या दृष्टीने त्यांच्या गुरूची परस्पर केलेली नेमणूक होती.

१६/ त्या दिवसापासून मी ‘सामावून घेणे’ हा शब्द जपून वापरतो. ओडिशाच्या भक्तांनी जगन्नाथाला पानावर आणले, तेव्हा आणणारे आणि मानणारे एकच होते. बुद्धाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. त्याला मानाची जागा मिळाली, राजाचे पानही मिळाले; पण त्या जागेची अट अशी की त्याने दुसऱ्याचे रूप असावे. खूण आणि तोल खेळाच्या आत ठरतात. जागेचा निवाडा मात्र खेळाबाहेरची माणसे करतात आणि त्याचे पडसादही त्यांच्यातच उमटतात.

१७/ जागा भरमसाट वाढवणे हाही उपाय नव्हे. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना पत्त्यांचे खेळ रचण्याचा विलक्षण छंद होता. त्यांच्या एका खेळात अठरा गट आणि ३६० पाने होती. देवदेवतांना वाव भरपूर, चित्रकला अप्रतिम. पण हे खेळ दरबाराबाहेर फारसे रुजले नाहीत. एवढ्या नायकांचे स्मरण ठेवून डाव खेळायला राजाचीच सवड हवी.

१८/ आता परत अंगणात. भावाच्या महानायकाला मी याच तीन कसोट्या लावल्या. खूण : उत्तम, लांबूनही ओळखू येतो. तोल : कार्डावरचे आकडे दुसऱ्या पटाचे आहेत, किल्ल्यावर ते चालत नाहीत. इथे सिंहासनावरील महाराजांची मूर्ती बुरुजाहून उंच असते आणि तोफेपेक्षा कोंबडा मोठा असतो; त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

१९/ राहिली जागा. मी म्हटले, “महादरवाजात दोन पहारेकरी आहेत. यातला कोणता काढायचा, ते तू ठरव.” त्याने दोन्ही उचलून पाहिले. एकाचा भाला मागच्याच वर्षी मोडला होता आणि त्यानेच काडेपेटीतली काडी चिकटवून तो दुरुस्त केला होता. बराच वेळ तो तसाच उकिडवा बसून राहिला.

२०/ शेवटी दोन्ही पहारेकरी जागच्या जागी राहिले. महानायक गडाच्या पायथ्याशी बाजारात उभा राहिला, वासुदेव आणि भाजीवाली यांच्या मध्ये. संध्याकाळी पणत्या लावल्या तेव्हा मित्राने विचारले, “हा इथे काय करतोय?” भाऊ म्हणाला, “आत्ताच आलाय. वर जायचं तर आधी विचारायला लागतं.”

२१/ धागा इथे थांबवतो. तुमच्या घरी जुनी गंजिफा असेल, किंवा आजी-आजोबांना तिचे नियम आठवत असतील, तर जरूर लिहा. नववे पान कोणाचे होते, तेही सांगा.