ताठर कणा : रोगेतिहासातील प्रथम पुरुष

'अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस' या दीर्घकालीन दाहयुक्त व्याधीचा इतिहास प्रायः अस्थींचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. तिच्या नावातच याचे बीज आढळते. ग्रीक भाषेत 'अँकिलॉस' म्हणजे वाकडा व 'स्पाँडिलॉस' म्हणजे मणका. (संस्कृत 'अंकुश' हा शब्दही पहिल्याचाच दूरचा आप्त होय.) या नावात रोग्याला स्थान नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने एका सांगाड्याचे वर्णन केले. त्यातील श्रोणी, पंधरा मणके व बरगड्या सांधून एकच हाड झाले होते. त्या मनुष्यास वाकणे वा कुशीवर वळणे अशक्य असावे, असे अनुमान कॉनरने केले. परंतु ज्याच्याविषयी हे लिहिले, तो बोलण्यापलीकडे गेला होता.

या दृष्टीने अमेरिकेतील मेन राज्याच्या लिओनार्ड ट्रास्कची हकिकत अधिक मोलाची आहे. इ. स. १८३३ मध्ये तो घोड्यावरून पडला आणि पुढे त्याची पाठ वाकत जाऊन हनुवटी छातीस टेकली. व्याधीचे मूळ त्या अपघातात नसावे, हे आज सांगता येते. इ. स. १८५८ च्या सुमारास त्याच्या 'जीवनाची व यातनांची' कथा सांगणारी पुस्तिका निघाली. तिच्या शीर्षकात त्यास 'अद्भुत रुग्ण' म्हटले आहे. 'यातना' हा शब्द भोगणाऱ्याचा, 'अद्भुत' हा बघ्यांचा. दोन्ही एकाच मुखपृष्ठावर यावेत, यात त्याच्या सामाजिक स्थितीचे सारे चित्र आले.

पुढे बेख्तेरेव (१८९३), स्ट्रुम्पेल (१८९७) व मारी (१८९८) यांची वर्णने प्रसिद्ध झाली. बेख्तेरेव हा स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तथापि या रोगात त्याचे लक्ष वेधले ते मज्जातंतूंनी, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे. इ. स. १९७३ मध्ये एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाशी रोगाचा संबंध सिद्ध झाला. ही प्रगती मोठी खरी, पण तीही तृतीय पुरुषातलीच.

व्याकरण बदलले ते त्यानंतर. इंग्लंडमधील बाथ येथे इ. स. १९९४ मध्ये सिद्ध झालेल्या सहा प्रश्नांच्या मापनपद्धतीत पहिला प्रश्न वेदनेचा नसून थकव्याचा आहे. इ. स. २००३ मध्ये ब्रिटन व नेदरलँड्स येथील रुग्णांच्या मुलाखतींतून अठरा विधानांची जीवनमान-प्रश्नावली तयार झाली. झोप, उमेद, परावलंबन, माणसांत मिसळणे हे तिचे विषय. विधाने प्रथम पुरुषी. उत्तर मात्र केवळ 'होय' किंवा 'नाही', आणि हा संकोच थोडा नव्हे. इ. स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात अशा रुग्णांत वैद्यांनी निदान केलेल्या विषण्णतेचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा पुरुषांत सुमारे दीडपट व स्त्रियांत त्याहून अधिक आढळले.

अशी प्रश्नावली मराठीत आणताना शब्दनिवडीचा पेच पडेल. सकाळच्या जखडलेपणास 'ताठा' म्हणावे, तर तो शब्द गर्वाकडे झुकतो. 'अवघडणे' हे क्रियापद शरीराचेही आहे आणि मनाचेही. त्यास 'होय' म्हणणारा रुग्ण दोहोंपैकी कशाविषयी बोलत आहे, हे त्यालाच पुन्हा विचारावे लागेल.